मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र



आपल्यापैकी काहींच्या घरी आता लहान दुर्बीण आहे. चंद्रावरील विवरे, गुरूचे चार चंद्र, शनीचे कडे पाहून झाले की पुढची इच्छा असते छायाचित्राची. इंटरनेटवर पाहिलेले लाल-निळे तेजोमेघ डोळ्यांसमोर असतात. आपण कॅमेरा जोडतो, बटण दाबतो आणि पडद्यावर येतात वाकड्या रेघा व एक राखाडी डाग. येथेच पुष्कळांची दुर्बीण माळ्यावर जाते. म्हणून या अंकात आपण तो पहिला, नकोसा वाटणारा फोटो वाचायला शिकू. त्यातील प्रत्येक दोषामागे कारण असते आणि ते बहुधा आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातलेच असते.

आधी नावे

आम्ही विज्ञान शिकलो ते हिंदी माध्यमातून. तेथे ज्यास 'नीहारिका' म्हणत, त्यास मराठीत 'तेजोमेघ' म्हणतात. तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दूरच्या दीर्घिका हे सूर्यमालेबाहेरचे, अतिशय मंद दिसणारे विश्व. याचे चित्रण चंद्राच्या फोटोसारखे नसते. चंद्राचा प्रकाश भरपूर असतो. येथे तो थेंबाथेंबाने साठवावा लागतो.

काय टिपायचे?

नवशिक्याने मृग नक्षत्रापासून आरंभ करावा. मृगाच्या पोटातील तीन ताऱ्यांचा बाण सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या दक्षिणेस लहान ताऱ्यांची एक रांग आहे. तिच्या मध्यभागी जो तारा धूसर दिसतो, तोच एम-४२ हा तेजोमेघ. तो आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज आपल्या कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले, साधारण त्या काळात तेथून निघाला.

मार्गशीर्षात पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाजवळ असतो, म्हणूनच महिन्यास ते नाव. अर्थात त्या दिवसांत मृग जवळजवळ रात्रभर आकाशात असतो. पण फोटोसाठी पौर्णिमा नको, अमावास्या हवी. मार्गशीर्ष अमावास्येच्या आगेमागे चार-पाच रात्री उत्तम. एक ध्यानात ठेवा: शेजारच्या काकूंच्या हिंदी पंचांगात हीच अमावास्या पौषाची असते, कारण त्यांचा महिना पौर्णिमेस संपतो.

रेघ का येते?

पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, म्हणून आकाश तेवढेच सरकताना दिसते. ७५० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण घेतली, तर मृगातील ताऱ्याची प्रतिमा एका सेकंदात सुमारे ०.०५ मिलिमीटर सरकते. हे अंतर क्षुल्लक वाटेल, पण कॅमेऱ्याच्या संवेदकावरील एक चौकट साधारण ०.००४ मिलिमीटरची असते. म्हणजे सेकंदभरात तारा बारा-तेरा चौकटी ओलांडतो. ती रेघ म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा तुम्ही स्वतः घेतलेला पुरावा होय.

यावर उपाय म्हणजे पृथ्वीच्या गतीने उलट फिरणारी, मोटार असलेली बैठक. तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षास समांतर, म्हणजे ध्रुवाच्या दिशेस ठेवावा लागतो. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची आपल्या गावाच्या अक्षांशाइतकी असते. इंदूरला ती सुमारे २२.७ अंश. तीच दुर्बीण सुट्टीत बेळगावच्या मामांकडे नेली तर अक्ष १५.९ अंशांवर आणावा लागेल, ग्वाल्हेरच्या आत्याकडे २६.२ अंशांवर. भूगोलाचा अक्षांश येथे हाताने फिरवायचा स्क्रू होतो.

राखाडी डागातून तेजोमेघ

मृगातील या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र अमेरिकेतील डॉ. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी घेतले. त्यांनी सुमारे ५० मिनिटे प्रकाश साठवला. चित्र धूसर होते. ते थांबले नाहीत. १८८२ मध्ये त्यांनी १३७ मिनिटांचे चित्र घेतले. १८८३ मध्ये इंग्लंडच्या एन्स्ली कॉमन यांच्या चित्रात तर दुर्बिणीतून डोळ्यास न दिसणारे तारेही उमटले.

आज एवढा वेळ सलग लावण्याची गरज नाही. ३० सेकंदांचे ६४ फोटो घ्या. एकूण ३२ मिनिटे झाली. संगणकावर ते एकावर एक जुळवून त्यांची सरासरी काढतात. खरा प्रकाश प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, तर कॅमेऱ्याचे रवेदार ठिपके दरवेळी जागा बदलतात. त्यामुळे सरासरीत ठिपके वर्गमूळाच्या प्रमाणात घटतात: ६४ फोटोंत आठ पट. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल हे यासाठीचे मोफत प्रोग्राम आहेत. शेवटी झाकण लावून तितक्याच सेकंदांचे १५-२० काळे फोटोही घ्या. कॅमेऱ्याचे कायमचे दोष त्यांवरून वजा होतात. तेजोमेघाचा गाभा फार तेजस्वी असल्याने ५ सेकंदांचे काही फोटो वेगळे घ्यावेत.

फोटो वाचा

१. सर्व तारे एकाच दिशेने लांबट: अक्ष ध्रुवाकडे नीट नाही, किंवा मोटार बंद आहे.

२. तारे जाड चकत्यांसारखे, मध्ये काळे भोक: फोकस चुकला. चित्र मोठे करून तेजस्वी ताऱ्यावर फोकस करा. भोक ही दुर्बिणीतील लहान आरशाची सावली होय.

३. फक्त कोपऱ्यांतील तारे धूमकेतूसारखे: आरशाच्या दुर्बिणीचा हा स्वभाव आहे.

४. प्रत्येक तारा दुहेरी: धक्का लागला. बटण न दाबता टायमर वापरा.

५. सारे चित्र तांबूस-तपकिरी: हा शहराच्या दिव्यांचा उजेड. यावर काळोख्या गावासारखा उपाय नाही.

पाचवा दोष मात्र आपल्या एकट्याने दूर होत नाही. आज शहरातील मुलास आपल्या घराच्या गच्चीवरून आकाशगंगा दिसत नाही. निदान आपल्या अंगणातील दिव्यास वरून झाकण लावावे आणि गरज नसताना तो बंद करावा, अशी पालकांस विनंती आहे.

खर्चाविषयी पालकांसाठी

लगेच महाग बैठक घेऊ नये. ५० मिलिमीटरचे भिंग असलेला कॅमेरा साध्या तिकाटण्यावर ठेवून ३ सेकंदांचे १०० फोटो जुळवले तरी तेजोमेघाचा गुलाबीसर ठिपका येतो. दुर्बीण घेण्यापूर्वी दुकानदारास विचारावे की कॅमेरा लावल्यावर फोकस होतो का. आरशाच्या अनेक स्वस्त दुर्बिणींत तो होत नाही. मुलांनी मोठ्यांसोबतच बाहेर जावे आणि दुर्बीण कधीही सूर्याकडे वळवू नये.

करून पाहा

मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास मृगाचे १, ५, १५ आणि ३० सेकंदांचे चार फोटो, बैठक न फिरवता, घ्या. रेघांची लांबी मोजून वहीत तक्ता करा. वेळ दुप्पट झाल्यास रेघ दुप्पट होते का, ते लिहा. वही व फोटो शाळेत आणून द्या. विज्ञान फलकावर आम्ही सर्व फोटो लावू, रेघांचे सर्वांत आधी. प्रत्येकाखाली दोषाचे कारण लिहिलेले असावे.