भूगोलाचा धडा आणि आपले पाचट
(ऊस विकास विभागाकडून)



गेल्या हंगामात खोडव्याच्या नोंदी घेत आम्ही एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. ओसरीवर त्यांची मुलगी भूगोलाचा धडा मोठ्याने पाठ करीत बसली होती. 'दगडी कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू ही संपणारी साधने. ऊन, वारा, वाहते पाणी ही न संपणारी.' मध्येच थांबून तिने आम्हांला विचारले, "काका, आपल्या उसाचं चिपाड कशात धरायचं? संपणाऱ्यात का न संपणाऱ्यात?"

आम्ही ठसक्यात सांगितले, "न संपणाऱ्यात!"

नेमका त्याच वेळी वस्तीमागून धूर येत होता. तुटलेल्या फडातले पाचट तिच्या वडिलांनी पेटवले होते. पोरीने तिकडे बोट केले, "मग ते कशात?" वडील हसून म्हणाले, "साहेब, पाचटानं सरीत पाणी अडतंय. जाळलं की रान मोकळं."

आम्ही नोंद घेतली, चहा घेतला आणि उठलो. पण पोरीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहून गेले. ते सविस्तर द्यावे, म्हणून हा लेख.

१) ठेव मोडून खाणे

आपल्याला सोसायटीचा हिशोब चांगला कळतो. दरसालच्या उत्पन्नावर घर चालवणे वेगळे आणि वाडवडिलांची ठेव मोडून खाणे वेगळे. कोळसा, तेल आणि वायू ही ठेव आहे. चंद्रपूर, वणी, उमरेड या भागांत निघणारा दगडी कोळसा सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या झाडझाडोऱ्याचा. तो गाळाखाली गाडला गेला, दाबाने व उष्णतेने त्याचा कोळसा झाला. मुंबई हायच्या समुद्रात १९७४ साली तेल सापडले, तेही फार पुरातन काळी समुद्रतळाशी साठलेल्या सूक्ष्म जीवांपासून झालेले. म्हणून यांना जीवाश्म इंधने म्हणतात. ही ठेव भरायला कोट्यवधी वर्षे लागली. मोडायला दोन-तीनशे वर्षेही पुरणार नाहीत, असा आपला वेग आहे. शिवाय एवढ्या काळात जमिनीत पुरलेला कर्ब धूर होऊन एकदम हवेत जातो आणि हवामान तापते, ते वेगळेच.

आपण म्हणू, आमचा कोळशाशी काय संबंध? तर पाच अश्वशक्तीचा पंप तासाला चार युनिटांहून थोडी अधिकच वीज घेतो. आठ तास पंप चालला की बत्तीस युनिटे झाली. महाराष्ट्राची बहुतेक वीज अजून कोळशावरच होते आणि एका युनिटामागे साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे एका पाळीला वीस-बावीस किलो कोळसा आपल्या विहिरीवर जळतो. धूर चंद्रपुरात निघतो, एवढेच.

२) अणुवीज

पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. युरेनियमचा अणू फुटताना जी उष्णता निघते, तिच्यावर पाण्याची वाफ करायची आणि वाफेवर जनित्र फिरवायचे. बॉयलर तोच, फक्त जळण वेगळे. एक ग्रॅम युरेनियम-२३५ पूर्ण फुटले तर सुमारे तीन टन चांगल्या कोळशाइतकी उष्णता मिळते. केंद्राला धुराडे लागत नाही, धूर नाही. पण युरेनियमही खाणीतूनच काढावे लागते, तेव्हा तीही ठेवच. वापरलेल्या इंधनातील घातक किरणोत्सार हजारो वर्षे सांभाळावा लागतो. १९८६ साली चेर्नोबिलला आणि २०११ साली जपानात फुकुशिमाला काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणून मुलांच्या वहीत अणुऊर्जा 'संपणारी, पण धूर नसलेली' अशी लिहावी, म्हणजे घोटाळा होत नाही.

३) चालू उत्पन्न

पाणी, वारा, ऊन हे दरसालचे उत्पन्न. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ सालापासूनचे. कोयनेचा पहिला टप्पा १९६० नंतरच्या दोन-चार वर्षांत सुरू झाला. सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्या फिरतात. सौरपंप तर आता शिवारात दिसू लागले आहेत.

मात्र चालू उत्पन्नालाही मर्यादा असते. पाऊस ओढला की धरण रिकामे, वारा पडला की चक्की उभी, सूर्य मावळला की सौरपंप बंद. आणि कोयनेचे जे पाणी जनित्र फिरवून कोकणात उतरते, ते पूर्वेकडच्या उसाला मिळत नाही. न संपणारे म्हणजे फुकटचे, असे कोणी समजू नये.

४) ऊस कोणत्या रकान्यात?

आता आपला ऊस. आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांत ऊन आणि हवेतला कर्ब घेऊन वाढतो. शंभर किलो ऊस गाळला की अठ्ठावीस ते तीस किलो बगॅस निघते. त्यात निम्मे पाणी असूनही ते बॉयलरमध्ये चांगले जळते. गुऱ्हाळाच्या चुलवाणात आपले आजे हेच करीत होते. कारखान्यात फरक एवढाच, की वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि मग उरलेल्या वाफेवर रस आटतो. एका जळणात वीजही आणि साखरही, म्हणून ती सहवीजनिर्मिती. जुने बॉयलर चौरस सेंटिमीटरला २१ किंवा ३२ किलो दाबाचे असत; आता ६७, ८७, ११० किलो दाबाचे असतात. तेवढ्याच बगॅसमधून त्यामुळे जादा वीज मिळते आणि ती बाहेर विकता येते. बगॅस जळताना जो कर्ब हवेत जातो, तो दीड वर्षापूर्वी हवेतूनच घेतलेला असतो. म्हणजे चालू खात्यावरची देवघेव.

तेव्हा पोरीला आम्ही दिलेले पहिले उत्तर बरोबर होते. पण एका अटीवर. मुद्दल शाबूत राहिले पाहिजे. उसाचे मुद्दल म्हणजे रानातली माती आणि तिच्यातला सेंद्रिय कर्ब. ते घटले की ऊसही संपणाऱ्या रकान्यात गेला म्हणून समजा.

५) धुराचा हिशोब

एकरी तीन ते चार टन पाचट निघते. त्यात सुमारे ०.४ ते ०.५ टक्के नत्र असते. चार टन धरले तर सोळा ते वीस किलो नत्र झाले. युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या गोणीत पावणेएकवीस किलो नत्र असते. म्हणजे एक एकर पाचट पेटवले की जवळजवळ युरियाची एक गोणी पेटवली. पालाश राखेत राहतो, पण नत्र बहुतेक सगळे उडून जाते आणि त्याच्याबरोबर एक टनाहून अधिक सेंद्रिय कर्ब जातो. बुडख्यावरचे वरचे डोळे भाजतात, ते निराळे.

मग ती गोणी आपण दुकानातून आणतो. आणि युरिया होतो कशापासून? आपल्या देशात मुख्यतः नैसर्गिक वायूपासून. अलिबागजवळचा थळचा खतकारखाना मुंबई हायच्या वायूवरच उभा राहिला. आता तर बाहेरदेशचा वायूही खतासाठी जहाजाने आणावा लागतो.

म्हणून पोरीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे : तो धूर संपणाऱ्या रकान्यात. रानात फुकट असलेले नत्र जाळून त्याच्या जागी आपण कोट्यवधी वर्षांची ठेव विकत आणली.

६) पाणी अडते, त्याचे काय?

तिच्या वडिलांची तक्रार खोटी नाही. त्यावर उपाय असा :

(अ) बुडख्यांवरचे पाचट बाजूला ओढून बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटावेत.

(आ) पाचट एका आड एक सरीत दाबून बसवावे आणि मोकळ्या सरीने पाणी द्यावे. शक्य तेथे ट्रॅक्टरच्या कुट्टी यंत्राने बारीक करावे.

(इ) टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत. पाचट ओले राहील, असे पाहावे.

कोणी म्हणेल, पुन्हा युरिया टाकायचाच तर बचत कसली? हा युरिया जिवाणूंचे भांडवल आहे. ते आधी खातात आणि पाचट कुजल्यावर त्यातले बरेचसे उसाला परत मिळते. शिवाय पाचटाच्या आच्छादनाने ओल टिकते, पाण्याची पाळी लांबते आणि तितका वेळ पंप बंद राहतो. तो कोळसाही वाचला, आणि रात्री बॅटरी घेऊन पाणी धरायला जायची फेरीही वाचली.

पाचट कारखान्याने नेऊन त्याची वीज करावी, अशीही एक सूचना सभासद करतात. आमचे मत स्पष्ट आहे. बगॅस म्हणजे बहुतेक काष्ठतंतू, त्यात अन्नद्रव्ये थोडी, ते खुशाल बॉयलरला जावे. पाचट मात्र रानाचे आहे, ते रानातच राहावे. उसाबरोबर कारखान्यात आलेल्या स्फुरदाचा बराचसा भाग प्रेसमडमध्ये उतरतो. त्याचे कंपोस्ट परत रानात न्यावे, म्हणजे हिशोब पुरा होतो.

यंदा खोडव्याच्या नोंदीला आम्ही पुन्हा त्या वस्तीवर जाणार आहोत. धडा पाठ असलेली ती पोर बहुधा ओसरीवर असेल. तिच्या वहीत ऊस न संपणाऱ्या रकान्यात लिहिलेला आहे. तो तिथेच राहील की नाही, हे तिच्या वडिलांच्या आणि आपल्या सर्वांच्या हातातल्या काडीपेटीवर आहे.