डावीकडचा डबा

अरे भाच्या, परवा फोनवर म्हणालास, ‘मामा, पंधरा वर्षं बुलेट चालवतोय, साइडकार लावली म्हणून काय मोठा फरक पडणार?’ तिथंच माझ्या पोटात गोळा आला. ज्याला मोटरसायकल येतच नाही, तो साइडकार लवकर शिकतो. रिक्षावाला तर अर्ध्या तासात सरावतो. घात होतो तो तुझ्यासारख्या तयार हाताचा.

१९८६ साली मी चेतकला साइडकार लावून घेतली. पहिल्याच संध्याकाळी बावड्याच्या रस्त्यावर डावं वळण आलं. डबा रिकामा होता. सवयीनं मी डावीकडं अंग झुकवलं, तशी गाडी झुकेना. उलट डब्याचं चाकच वर उचललं. घाबरून मी हँडल सरळ केलं. चाक खाली आलं खरं, पण मी रस्ता ओलांडून पलीकडच्या उसात शिरलो होतो. समोरून ट्रॅक्टर येत नव्हता, एवढंच माझं नशीब.

म्हणून पहिले दोन रविवार गाडी रस्त्यावर काढू नकोस. शाळेचं मोकळं मैदान गाठ. डबा रिकामा ठेव आणि दहा-पंधराच्या वेगानं डावीकडं गोल फिरायला लाग. फेरी हळूहळू आवळत ने. एका क्षणी डब्याचं चाक जमीन सोडेल. सोडू दे. गॅस थोडा कमी कर, हँडल उजवीकडं किंचित सैल सोड, चाक आपोआप खाली बसेल. हे पंचवीस-तीस वेळा कर, म्हणजे चाक उचललं तरी छातीत धस्स होणार नाही. रस्त्यावर चाक उचलल्यामुळं माणूस तेवढा मरत नाही, जेवढा दचकून समोरच्या गाडीवर जाऊन मरतो.

ही गाडी झुकत नाही, फक्त हँडलनं वळते. जिकडं जायचं तिकडं हँडल ओढायचं. खांदे दुखतील, आठवडाभर दुखू देत.

गॅस दिलास की डबा मागं राहतो आणि गाडी डावीकडं ओढते. ब्रेक मारलास की डबा पुढं धावतो आणि गाडी उजवीकडं वळते, कारण तुझ्या डब्याच्या चाकाला ब्रेक नाही. यातच वळणाची सगळी युक्ती आहे. डावं वळण आलं की आधीच वेग पाड आणि वळणात हलका गॅस देत राहा, गाडी स्वतःच डावीकडं येते. उजव्या वळणात गॅस सोड. उजवं वळण मात्र गोडबोल्या माणसासारखं असतं. सगळं वजन डब्यावर जातं, गाडी पक्की बसल्यासारखी वाटते आणि माणूस वेग वाढवतो. मग डब्याचं नाक खाली दबतं, मागचं चाक हलकं होतं आणि पुढं काय झालं ते कळायच्या आत गाडी उलटते. डावं वळण निदान आधी चाक उचलून सांगतं तरी.

सिग्नलला डावा पाय खाली टेकवायचा नाही. ही सवय मोडायला सगळ्यात जड जाते. गाडी पडणार नसते, पण पाय डब्याच्या सांगाड्यात सापडतो. मी पहिला महिनाभर डाव्या बुटाला लाल चिंधी बांधली होती. मामी हसायची. हसू दे.

आता पान्याचं काम. ‘शोले’तल्या गाण्यात जय-वीरूची साइडकार सुटून वेगळीच पळते, आठवतं ना? आपली तशी पळू नये म्हणून शंभर किलोमीटरनंतर चारही जोडांचे नट-बोल्ट आवळ, पाचशेनंतर पुन्हा. वेल्डिंगवर बोट फिरवून बघ, रंगाला केसासारखी चीर दिसली तर गाडी तिथंच थांबव.

अलाइनमेंट मेकॅनिकवर सोडू नकोस, शेजारी बसून कर. आधी तिन्ही टायरची हवा बघ. गवंड्याकडून ॲल्युमिनियमच्या दोन लांब पट्ट्या आण. एक गाडीच्या दोन्ही चाकांना टेकवून, दुसरी डब्याच्या चाकाला टेकवून जमिनीवर ठेव. पट्ट्यांमधलं अंतर मागच्या चाकापाशी जेवढं आहे, त्यापेक्षा पुढच्या चाकापाशी बारा ते वीस मिलिमीटर कमी हवं. याला टो-इन म्हणतात. फार ठेवलंस तर टायर घासला जातो. टायरवरून तळहात आडवा फिरव. एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं करवतीसारखं लागलं तर टो-इन चुकलंय.

मग ओळंबा. गाडी डब्यापासून दूर, म्हणजे उजवीकडं, जराशी कललेली हवी. मीटरभर उंचीला वीस-पंचवीस मिलिमीटर. आपले रस्ते कडेला उतरते असतात, त्यात डब्याची ओढ, म्हणून गाडी सारखी डावीकडं जाते. हा कल ती ओढ मारतो. अजूनही डावीकडं ओढत असेल तर कल थोडा वाढव, उजवीकडं जात असेल तर कमी कर. पण एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि बदललेलं वहीत लिही. टो-इन आणि कल दोन्ही एकदम हलवले की कशानं काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

आणि हे मोजताना गाडीवर तू बसलेला हवास आणि डब्यात तुझ्या आईच्या, आक्काच्या, वजनाएवढं ओझं हवं. रिकाम्या गाडीचं माप घेऊन भरल्या गाडीवर फिरण्यात काय अर्थ?

वीस-तीसच्या वेगात हँडल थरथरतं म्हणालास. आधी कोनसेट ढिला नाही ना बघ, मग हवा. दोन्ही ठीक असेल तर स्टीअरिंग डॅम्पर बसव. गाडी चढाला दमत असेल तर गिअरबॉक्सचं पुढचं स्प्रॉकेट एक-दोन दात कमीचं टाक. ऐंशीचा वेग जाईल, पण ऐंशीला जायचंय कुणाला? चढावर गाडी लावलीस तर गिअरमध्ये ठेव आणि चाकाला दगड लाव.

आक्का सोबत नसेल तेव्हा तीस-चाळीस किलो वाळूचं पोतं डब्यात तळाशी, चाकाच्या बाजूला, दोरीनं आवळून ठेव. सैल पोतं नसल्यापेक्षा वाईट.

आक्काला घेऊन निघायच्या आधी पोत्यासोबत आंबोली घाट एकदा चढून-उतरून ये. ती बसली की पदर आत खोचून घ्यायला सांग, मागचं चाक शेजारीच फिरत असतं. गाडीची दोन्ही चाकं एका वाटेनं जातात आणि डब्याचं दुसऱ्या, तेव्हा खड्डा या दोन वाटांच्या मध्ये घे. नाहीतर तू चुकवलेला खड्डा बरोबर तिच्या चाकाखाली जातो. लहानपणी माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून ती प्रत्येक खड्ड्याला माझ्या पाठीत बुक्की घालायची. आता तुझा गुडघा तिच्या हाताच्या टप्प्यात आहे.