वय आणि व्याधी : स्नायूंच्या अशक्तपणाची पारख

उतारवयात स्नायूंचा आकार आणि बळ हळूहळू घटत जाते. या अवस्थेला १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले. ही झीज वर्षानुवर्षे चालते, शरीराच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखीच होते, आणि तिच्यामुळे बधिरपणा येत नाही. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठबस करण्यास १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर तिची शंका घ्यावी, असा २०१९ चा आशियाई निकष आहे.

जळगाव-धुळ्याकडील घरांत मात्र असा अनुभव वारंवार येतो की, एकाच पायातील चप्पल नकळत निसटू लागते किंवा मांडे करणाऱ्या हातांना सदऱ्याची गुंडी लावता येईनाशी होते, तरी ‘आता वय झालं’ असे म्हणून ताकदीच्या सलाईनवर मोलाचे महिने घालवले जातात. वय असे एकच अंग निवडत नाही. मानेत मज्जारज्जू दबला असता बोटांचे कसब जाते आणि चाल अडखळते. मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकारात, म्हणजे मज्जातंतूंचा संदेश स्नायूपर्यंत नीट न पोहोचण्याच्या विकारात, पापण्या संध्याकाळकडे जड होतात व एकाच्या दोन वस्तू दिसतात. मोटर न्यूरॉन विकारात एका अंगाचे स्नायू वाळतात आणि त्वचेखाली फडफडतात. तर इन्क्लूजन बॉडी मायोसायटिसमध्ये बोटांची पकड आणि मांड्यांचे बळ एकत्र ढासळते.

म्हणून कुटुंबीयांनी अशक्तपणा कोठे, कधीपासून आणि किती वेगाने वाढला याची नोंद ठेवावी, चालू औषधांची यादी सोबत घ्यावी, आणि दोन्ही शहरांतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत किंवा मेंदू-मज्जाविकारतज्ज्ञाकडे तपासणी करून घ्यावी. बी-१२ व ड जीवनसत्त्वांची कमतरता, थायरॉइडचा विकार किंवा कोलेस्टेरॉलवरील स्टॅटिन औषधे हीही कारणे असू शकतात, आणि ती वेळीच सापडल्यास बरेच बळ परत येते. अशक्तपणा अचानक आला, घास अडकू लागला किंवा आडवे होताच धाप लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तपासणीअंती झीज वयाचीच ठरली, तरी ती निमूट सोसण्याचे कारण नाही. झेपेल तेवढा वजनाचा व्यायाम आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला डाळी, दूध किंवा अंड्यांची जोड यांनी सत्तरीनंतरही स्नायू बळावतात. निदान आधी आणि वयाचा निर्वाळा नंतर, हाच क्रम ज्येष्ठांच्या हिताचा आहे.