कळमनुरीहून समुद्राकडे : एक वेगळं करिअर

आधीच सांगतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सांभाळून घ्याव्यात.

थर्ड इयर संपत आलं की हॉस्टेलवर एकच चर्चा असते : कॅम्पसला कोण येतंय? दिवाळीत घरी कळमनुरीला गेलो तेव्हा पप्पांनीही तेच विचारलं. मी म्हणालो, "मला समुद्र वाचवायच्या कामात जायचंय." पप्पा गप्पच झाले. आजी म्हणाली, "इथं उन्हाळ्यात प्यायला पाणी भेटंना, अन् तू समुद्राचं काय घेऊन बसलास?"

प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचं उत्तर शोधता शोधता हा लेख तयार झाला.

आधी नकाशा बघा. आमच्या तालुक्यातून वाहणारी कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे आमच्या नाल्यात फेकलेली कॅरीबॅग पुरात निघाली, तर तिचा शेवटचा स्टॉप समुद्र. समुद्र लांब आहे, पण आपला संबंध लांबचा नाही.

आता दुसरं टोक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं छोटं गाव आहे. तिथे ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात. पूर्वी ही अंडी माणसं आणि कुत्री, कोल्हे पळवायचे. २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने इथे काम सुरू केलं. अंडी उचलून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरायची, पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पर्यटक गावातल्या घरांमध्ये राहू लागले आणि कासवामुळे गावाला उत्पन्न मिळू लागलं. फक्त 'कासव वाचवा' असा बोर्ड लावून हे झालं नसतं.

गेल्या मार्चमध्ये आम्ही चौघं तिथे गेलो. संध्याकाळी कासवमित्राने घरट्यावरची टोपली उचलली, खाली काहीच नव्हतं. आमचं तोंड पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात पिल्लं निघाली, तळहातापेक्षा लहान. दोरीमागे उभे असलेले शंभरेक लोक एकदम शांत झाले. आपल्या हॉस्टेलच्या मेसमध्ये अशी शांतता मी कधी पाहिलेली नाही!

यात इंजिनिअरचं काय काम? तर ऐका. जानेवारी २०२२ मध्ये वेळासलाच 'प्रथमा' या मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवला गेला. रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यातून जवळजवळ जातच नाहीत. मग कासव वर आलं हे टॅगला कळतं कसं? खारं पाणी विजेचं वाहक आहे. टॅग बुडालेला असताना दोन टोकांमधलं सर्किट पूर्ण असतं. कासव श्वास घ्यायला वर आलं की सर्किट तुटतं आणि तेव्हाच ट्रान्समीटर सिग्नल सोडतो. बॅटरीही वाचते. आपल्या फर्स्ट इयरच्या बेसिक इलेक्ट्रिकलमधलीच ही आयडिया!

कधी कधी साधा धातूचा टॅगही पुरतो. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरचं कासव पश्चिम किनाऱ्यावर! कयाधूची कॅरीबॅग कुठल्या कासवाच्या पोटात जाईल, सांगता येत नाही.

लोकांना बरोबर घेण्याचं अजून एक उदाहरण. जाळ्यात संरक्षित प्राणी अडकला तर तो सोडवायला जाळं कापावं लागतं, आणि नुकसान कोळी बांधवांचं होतं. म्हणून महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून अशा जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. नुसत्या उपदेशाने जाळं कापलं जात नाही.

आपल्यासाठी वाटा कोणत्या? गेट देऊन आयआयटी मद्रास किंवा खरगपूरला ओशन इंजिनिअरिंग करता येतं. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था तीन माणसांना खोल समुद्रात नेणारं 'मत्स्य ६०००' हे यान बनवते आहे. हैदराबादची 'इन्कॉइस' त्सुनामीचा इशारा देते आणि मासे कुठे मिळतील हेही कोळ्यांना कळवते. गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. महाराष्ट्र वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. खोटं कशाला बोलू, जागा कमी आहेत आणि सुरुवातीचा पगार आयटीवाल्या मित्रांना सांगण्यासारखा नसेल.

पप्पांशी तडजोड झाली आहे. गेट एकदा मनापासून द्यायची, नाही जमलं तर मिळेल ती नोकरी. आजीला मी कागदावर कयाधूचा रस्ता काढून दाखवला. बराच वेळ बघून ती म्हणाली, "मंग ते पाणी आपलंच हाय की." पप्पा अजून तेवढं म्हणालेले नाहीत.

मार्चमध्ये पुन्हा वेळासला जायचंय. यायचं असेल त्यांनी रूमवर येऊन नाव द्यावं. टोपलीखाली पिल्लं असतीलच, याची गॅरंटी नाही.