हाडांची पुंजी : तपासणी कोणी करावी?



‘हाडे ठिसूळ होणे हे म्हातारपणाचे दुखणे’ असे घरोघरी म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. हाड जिवंत असते. त्याचा जुना भाग झिजतो, नवा भरला जातो. आयुष्यभराच्या पुंजीपैकी सुमारे ९० टक्के पुंजी विशीच्या आसपास जमलेली असते. तिशीनंतर हळूहळू घट सुरू होते आणि पाळी गेल्यावर काही वर्षे ती वेगाने होते. हाडे विरळ होऊन सहज मोडू लागली की त्यास ‘ऑस्टिओपोरोसिस’ म्हणतात. हा विकार मुकाट्याने वाढतो. मोडलेले मनगट, मणका किंवा खुबा हीच बहुधा त्याची पहिली खूण असते.

हाडांची घनता ‘डेक्सा’ यंत्राने मोजतात. त्यात क्ष-किरण अगदी अल्प लागतात. अहवालात दोन आकडे असतात.

टी-स्कोअर : निरोगी तरुण व्यक्तीशी तुलना. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने ठरवल्याप्रमाणे उणे २.५ किंवा त्याखालील आकडा म्हणजे ऑस्टिओपोरोसिस.

झेड-स्कोअर : समवयस्कांशी तुलना. पाळी चालू असलेल्या स्त्रिया व पन्नाशीच्या आतील पुरुष यांच्यासाठी हाच पाहतात. तो उणे २ किंवा त्याखाली असेल तर घनता ‘वयाच्या मानाने कमी’ एवढेच म्हणता येते. केवळ त्यावरून रोग ठरत नाही. कारण शोधावे लागते.

मग सर्वांनीच तपासणी करावी का? नाही. घनता सारखीच असली तरी चाळिशीतल्या माणसाला सत्तरीतल्यापेक्षा हाड मोडण्याचा धोका पुष्कळ कमी असतो. मात्र पुढीलपैकी काही असल्यास डॉक्टरांना जरूर विचारावे :

• उभ्या उभ्या पडून हाड मोडणे
• तीन महिने किंवा अधिक काळ स्टेरॉइडच्या गोळ्या
• पंचेचाळिशीआधी पाळी जाणे
• आई-वडिलांचा खुबा मोडलेला असणे
• संधिवात (आमवात), थायरॉइडचा अतिरेक, फार कमी वजन
• धूम्रपान, मद्यपान

चाळिशीपुढे डॉक्टर ‘फ्रॅक्स’ या गणिताने पुढील दहा वर्षांचा धोका काढू शकतात.

शिबिरांत टाचेवर ध्वनिलहरींची तपासणी होते. उणे २.५ चा निकष तिला लागू नाही. तेवढ्यावरून औषध सुरू करू नये.

आम्हांस खंत वाटते ती अशी की, आई ओट्याजवळ घसरते, मनगट मोडते, प्लास्टर निघते आणि विषय संपतो. ‘पाय घसरला’ हे पडण्याचे कारण झाले; हाड का मोडले, हे कोणी विचारत नाही. तो प्रश्न मुलांनी विचारावा.

प्रौढांना रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. दूध, तीळ, ऊन आणि धावणे-उड्या मारणे यांचीही जोड हवी. म्हणून विश्वस्त मंडळींना विनंती : परीक्षा जवळ आली तरी मैदानाचा तास गणिताला देऊ नये. विशीपर्यंतची ही जमा पुढे भरून काढणे कठीण असते.

स्वाध्याय : घरातील मोठ्यांना विचारा – चाळिशीनंतर कोणाचे हाड मोडले? कसे मोडले? पुढे तपासणी झाली का?