पहारेकरीच फितूर होतो तेव्हा

कर्करोगाचे निदान झाले की आप्तांचा पहिला प्रश्न असतो, "हे घराण्यातून आले काय? मुलांनाही होईल काय?" त्याचे उत्तर समजावे म्हणून 'पी५३' या प्रथिनाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

१९७९ साली हे प्रथिन प्रथम आढळले, तेव्हा ते कर्करोगास चालना देणारे असावे असा समज झाला. १९८९ साली उलगडा झाला की मूळ प्रथिन रोगास अटकाव करते. चालना देतात ती त्याची बिघडलेली रूपे. १९९२ मध्ये डेव्हिड लेन यांनी त्यास 'जनुकसंचाचा रक्षक' असे संबोधिले.

पेशीतील डीएनएला इजा झाली की पी५३चे चार रेणू एकत्र येऊन डीएनएवरील ठरावीक जागी बसतात व तेथील जनुके कार्यान्वित करतात. त्यांपैकी पी२१ हे जनुक पेशीविभाजन थांबविते. इजा दुरुस्तीपलीकडची असल्यास अन्य जनुके पेशीस आत्मनाशाकडे नेतात.

मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत पी५३च्या जनुकात बदल आढळतो. पुष्कळदा ३९३ अमिनो आम्लांपैकी एकच बदलते. परंतु तेवढ्याने डीएनएवरील आपली जागा धरण्याची क्षमता क्षीण होते. चौघांच्या जोडणीत शिरून असा रेणू चांगल्या रेणूंनाही निकामी करतो. काही बदललेली रूपे तर पेशीत साठून राहतात आणि इतर नियामक प्रथिनांशी संधान बांधून वाढीस पोषक जनुकेच चालू करतात.

बहुतेक रुग्णांत हा बदल जन्मानंतर, शरीराच्या एखाद्या पेशीत घडतो. तो अपत्यांकडे जात नाही. तंबाखूच्या धुरातील रसायने, तसेच बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतील व धान्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष असे बदल घडवू शकतात. म्हणजे काही धोका टाळणे आपल्या हाती आहे.

मोजक्या कुटुंबांत मात्र हा दोष जन्मजात असतो. त्यास ली-फ्रॉमेनी विकार म्हणतात. दोष असलेल्या पालकाकडून तो प्रत्येक अपत्यास मिळण्याची शक्यता निम्मी असते. अशा व्यक्तींची नियमित तपासणी केल्यास गाठ लवकर सापडू शकते.

म्हणूनच आमची विनंती आहे, की नात्यात कोणास, कोणत्या वयात, कोणता कर्करोग झाला हे डॉक्टरांपासून लपवू नये. ती माहिती पुढील पिढीच्या रक्षणास उपयोगी पडते.