एका प्रश्नाची कहाणी

नाणे अनेक हातांतून फिरले की त्यावरील मुद्रा झिजते. नाण्याचे मोल कायम राहते. परंतु त्यावरील अक्षरे वाचावयास थोडे थांबावे लागते. गाजलेल्या चित्रपटांतील वाक्यांचेही असेच होते.

रमेश सिप्पी यांनी दिग्दर्शित केलेला 'शोले' हा हिंदी चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. सलीम-जावेद या लेखकद्वयाने लिहिलेले त्यातील संवाद इतके लोकप्रिय झाले, की गाण्यांप्रमाणे त्यांच्याही ध्वनिमुद्रिका निघाल्या. चित्रपटातील क्रूर दरोडेखोर गब्बरसिंग पुढे बिस्किटांच्या जाहिरातीतही झळकला. नकलाकारांनी त्याचा आवाज घरोघरी पोहोचविला. त्यामुळे आज कित्येक मुलांना चित्रपट पाहण्यापूर्वीच त्यातील वाक्ये पाठ असतात आणि ती हसण्यासाठीच आहेत, असे त्यांना वाटते.

अशांपैकी एक वाक्य म्हणजे 'एवढी शांतता का?' या अर्थाचा प्रश्न. चारचौघांत कोणी गप्प बसले, की तो विचारावा आणि सर्वांनी हसावे, अशी जणू रीतच पडली आहे. पण मूळ प्रसंगात तो कोण विचारतो? रामगढचे वृद्ध, अंध इमामसाहेब! ए. के. हंगल यांनी ती भूमिका केली आहे. इमामसाहेबांचा तरुण मुलगा अहमद नोकरीसाठी परगावी निघाला असता गब्बरने त्याला ठार मारले. घोड्यावरून त्याचे प्रेत गावात आले आहे. सारे गावकरी मान खाली घालून उभे आहेत. सर्वांना जे दिसते, ते एका पित्याला मात्र दिसत नाही. म्हणून तो विचारतो.

आजचा प्रेक्षक तो प्रश्न ऐकताच सवयीने हसू लागतो आणि पुढच्याच क्षणी त्याचे हसू ओठांवर विरते. पित्याच्या दुःखाबरोबर त्याला स्वतःच्या हसण्याचाही विचार करावा लागतो. पुढे भ्यालेले गावकरी जय आणि वीरू यांना गब्बरच्या स्वाधीन करू पाहतात. तेव्हा पुत्रशोकाचे ओझे वाहणारा तोच म्हातारा त्यांना धीराने उभे राहावयास सांगतो. विनोदाने त्याचा प्रश्न तेवढा उचलला. त्याचे धैर्य चित्रपटातच राहिले.

नक्कल करण्यात दोष नाही. तिच्यामुळेच नवी पिढी जुन्या कलाकृतीच्या दारापर्यंत येते. मात्र दारातूनच परत फिरू नये. ज्याच्या बोलण्याला आपण हसलो, तो ते कोणत्या वेळी बोलला, हे आत जाऊन एकदा पाहावे.

स्वाध्याय

१. इमामसाहेबांच्या प्रश्नाला आजचा प्रेक्षक प्रथम का हसतो? त्याचे हसू का विरते?
२. 'दारातूनच परत फिरू नये', असे लेखकाने का म्हटले आहे?